पन्नास मतं जास्त

टेबलावर पाचवं मशीन, त्या केंद्राचा नोंदीचा कागद, तोडलेल्या सीलचे दोन तुकडे आणि पाण्याची अर्धी बाटली. जाळीबाहेर आम्ही तीन एजंट. हेंद्रेपाड्यातल्या एका जागेच्या पोटनिवडणुकीचं हे शेवटचं मशीन होतं.

मी शंकररावांची एजंट. एकतीस वर्षं त्यांनी राज्याच्या निवडणूक कार्यालयात काढली, मतदान अधिकाऱ्यांना मशीन शिकवलं, निवृत्त झाले आणि स्वतःच उभे राहिले. प्रचारभर लोक म्हणत होते, ‘ह्यांना मशीनच्या आतलं माहीत आहे, संभाळून.’

पाचही मशीनची बेरीज झाली. शंकरराव ११८७, सुजित ११५८. सुजितचा एजंट उन्मेष कपाळाला हात लावून उभा राहिला. मी मात्र शेवटच्या मशीनचे आकडे पुन्हा पाहिले. मशीनमध्ये ६६२ मतं. कागदावर मतदार ६१२.

“काका, पन्नास जास्त आहेत.”

“दिसलं मला,” माझ्या शेजारी उभे असलेले शंकरराव हळूच म्हणाले. त्यांनी कागदाची आपली प्रत घडी करून खिशात घातली.

“मग बोलत का नाही?”

“मी बोललो तर म्हणतील, ह्याला आधीच माहीत होतं. एजंट तू आहेस. काय ते तू ठरव.”

त्यांना मी बोलायला हवी होते की गप्प बसायला, ते चेहऱ्यावरून कळेना.

पन्नास हा आकडा माझ्या ओळखीचा होता. मतदानाच्या दिवशी सकाळी चाचणीची पन्नास मतं टाकायची असतात. ह्याच मशीनवर बाकीचे एजंट उशिरा आले, म्हणून सगळी बटणं मीच दाबली. मशीनवर माझा विश्वास नव्हता. शंकररावांचं मत शंकररावांनाच जातं का, हे पाहायला त्यांचंच बटण जास्त वेळा दाबलं. नंतर ती मतं पुसायला केंद्रावरच्या अधिकाऱ्याने ‘क्लिअर’ दाबायला हवं होतं. तेव्हा मी आकडे लिहून घेत होते. त्याने दाबलं की नाही, पाहिलं नाही.

मी हात वर केला आणि पन्नास मतं जास्त असल्याचं सांगितलं.

“घ्या! बिघाडपण ह्यांनाच पहिला सापडतो,” उन्मेष ओरडला. “सेटिंग आहे भाई, सेटिंग!”

निवडणूक अधिकारी मॅडमनी चाचणीचा लिफाफा सगळ्यांसमोर फोडला. शंकरराव ४०, सुजित ६, इतर ४. तेवढी मतं त्यांनी वजा केली आणि कागद आमच्याकडे सह्यांसाठी सरकवला.

शंकरराव ११४७. सुजित ११५२.