माकड्याची पाटी

वादळाने गावातले निम्मे खांब आडवे केले, पण आक्काची जीभ तेवढी शाबूत राहिली. सबस्टेशनच्या दारात तिने चिखलाच्या चपला अशा आपटल्या की आत ड्युटीवर बसलेला तिचा मुलगा उभाच राहिला.

"तारा जोडून झाल्या म्हणे. हे दुकानदाराला ठाऊक, किराणा घेणाऱ्यांना ठाऊक, आणि तुझ्या घरात मात्र अंधार! कशाची वाट बघतोस, आमंत्रणाची?"

वादळापासून मुलगा घरी गेला नव्हता. डोळे तांबारलेले, दाढीचे खुंट वाढलेले. "बाबा कसे आहेत?"

"कसे असणार? नाकात नळी आणि नजर भिंतीला. ऑक्सिजनचं मशीन विजेवाचून मुकं पडलंय. शेवटचा सिलिंडर लावलाय, त्याचा काटाही लाल पट्टीत आला. पूल खचला, दवाखान्याची गाडी पलीकडेच अडकली. शेजाऱ्यांचा जनरेटर पाण्यात बुडाला. आता तूच काय तो उरलास. ओढ तो दांडा, सोड वीज."

मुलाने दांड्याकडे बोट केलं. त्याच्या आकड्याला पत्र्याची एक लाल पाटी लटकत होती. पाटीवर पांढऱ्या रंगात वळलेली शेपटी काढली होती.

इथली रीत अशी, की खांबावर चढणाऱ्याने आधी आपली पाटी या आकड्याला अडकवायची आणि काम संपलं की स्वतःच्या हाताने काढून न्यायची. दुसऱ्याच्या पाटीला साहेबानेही हात लावायचा नाही. एकही पाटी लटकत असेल तोवर दांडा ओढायचा नाही. शेपटीची पाटी माकड्याची. सरसर चढतो म्हणून त्या लाइनमनला सगळे माकड्या म्हणत आणि तोही ते मिरवायचा.

"बाकीचे पाट्या काढून पुढच्या कामाला गेले," मुलगा म्हणाला. "हा एकटाच आला नाही. फोन तर सगळ्यांचेच बंद."

"कुणी पाहिलं असेल की."

"मुकादमाने पाहिलं. पिशवी खांद्याला लावून चालला होता म्हणे."

"मग घरीच गेला! पिशवी घेऊन माणूस काय फिरायला जातो?"

"बहुतेक घरीच गेला असेल. पण एखादी गाठ सैल वाटली की तो परत जाऊन चढतो, आई. बहुतेकवर दांडा ओढत नाहीत."

आक्का तरातरा पुढे झाली. "तुझ्याच्याने होत नसेल तर मी काढते पाटी. मला कोण नोकरीवरून काढणार आहे?"

तिचा हात आकड्याला पोचायच्या आत मुलाने मनगट धरलं. उभ्या आयुष्यात तो आईसमोर मोठ्याने खोकला नव्हता. आज मात्र त्याची बोटं तिच्या हाडात रुतली.

"हात काढ."

"अरे, तुझा बाप आहे तो!"

"माझाच आहे." त्याचा आवाज फाटला. "पण वर कोण आहे, ते मला इथून दिसत नाही."

आक्काने मनगट हिसडून घेतलं. "तुझ्याऐवजी दगड झाला असता तर धुणं धुवायला तरी कामी आला असता," असं म्हणून ती बाहेर पडली. मुलाला जागा सोडता येत नव्हती. माकड्याचं घर तिला माहीत होतं.

पडलेल्या झाडांवरून, उडालेल्या पत्र्यांना वळसे घालत ती चालली. माकड्या घरी असू दे, असं ती मनात घोकत होती. आणि घरी सापडला तर त्याला उभा फाडीन, असंही.

माकड्याची बायको ओठांवर बोट ठेवूनच दारात आली. "हळू, आक्का. डोळा लागलाय त्यांचा."

"कधीपासून?"

"बराच वेळ झाला. आले तेच आडवे झाले. बूटही काढले नाहीत बघा."

माकड्या उघड्या फरशीवर तोंड वासून घोरत होता. तळहात सोलवटले होते. म्हणजे इतका वेळ तारेवर कुणीच नव्हतं. एक चिमणीसुद्धा नव्हती. वाटभर जमवलेल्या शिव्यांतली एकही आक्काला आठवेना. तिने त्याची गचांडी धरून गदागदा हलवलं. "पाटी! मेल्या, तुझी पाटी!"

माकड्याने डोळे उघडले. हात आपसूक कमरेला गेला. पाटी नेहमी तिथेच लटकायची. तिथे काही नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "मी काढली ना..." एवढंच पुटपुटला आणि नाड्या सुटलेल्या बुटांनी धडपडत पळत सुटला.

आक्का घराकडे वळली. ती अर्ध्या वाटेत असताना वीज आली. गल्लीभर शिट्ट्या, आरोळ्या. कुणाच्या तरी घरात चालू राहिलेला टीव्ही एकदम बोंबलायला लागला. "आक्का, तुमच्या पोराने लाइट आणली हो!" एकजण ओरडला. तिने वळूनही पाहिलं नाही.

घरात मशीन घरघरत होतं. सूनबाईने नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. आता तशी गरज नव्हती, तरी सोडत नव्हती.

"सिलिंडर मधेच संपला," ती म्हणाली. "मी नुसता वारा घालत राहिले, आई. दुसरं काय करणार होते?"

म्हाताऱ्याची छाती वरखाली होत होती. डोळे उघडे होते. आक्का वाकली. "अहो." या हाकेला ते रोज कुरकुरत का होईना, 'हं' करायचे. आज नजर तिच्यावरून फिरली, कपाटावरून फिरली आणि छताला जाऊन टेकली.

दिवस मावळता मुलगा आला आणि उंबऱ्यातच थांबला.

"माकड्या घरी झोपला होता."

"मीच उठवला."

"तारेवर कुणीच नव्हतं, आई."

"ठाऊक आहे."

"शिव्या तरी दे."

आक्का त्याच्याकडे बघत राहिली. "बरोबर केलंस, हे माझ्या तोंडून निघायचं नाही. चुकलास म्हणावं, तर तेही निघत नाही. ये इकडे. सकाळी तुझीच चौकशी करत होते. हाक मारून बघ."

मुलगा उशाशी बसला. "बाबा," तो म्हणाला. सूनबाईने मान फिरवली.

"बाबा."

"मोठ्याने मार," आक्का म्हणाली. "मशीनचा आवाज आहे."