हातानं कसायची चेन

मोंतान्य ब्लांश या गावात हरिलालला मान होता तो त्याच्या चेनसॉमुळे. पंच्याहत्तर सालच्या सिक्लोननं, चक्रीवादळानं, डोंगरावरची झाडं आडवी केली, तेव्हा रस्ते मोकळे करायला मळ्याच्या सरदारानं, म्हणजे मुकादम परशुरामनं, सगळ्यांत आधी त्यालाच बोलावलं.

एक गोष्ट मात्र घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हती. वर्षानुवर्षं मशीनची थरथर सोसून हरिलालच्या उजव्या हाताची बोटं पांढरी पडत, बधिर होत. मुठीत मशीन धरता यायची, झाड कापता यायचं. पण चिमटीत काही धरायचं म्हटलं की बोटं दगा देत. सदऱ्याची बटणं बायको, कुंती, लावून द्यायची. चेनसुद्धा तीच कसायची.

पान्यानं दोन नट सैल करायचे, पात्याचं टोक वर धरायचं, स्क्रूड्रायव्हरनं बारीकसा स्क्रू फिरवत चेन पात्याला बिलगवायची आणि नट पुन्हा आवळायचे. लग्न होऊन आली तेव्हा कुंतीला यातलं काही येत नव्हतं. बघून बघून शिकली. पण हे सगळं चालायचं न्हाणीच्या आडोशाला.

"कुनी बघितलं तर काय व्हतंय?" ती एकदा म्हणाली होती. हरिलाल नुसता गुरकावला. बायको आपली मशीन आवळते हे गड्यांना कळलं तर तोंड दाखवायची सोय राहणार नाही, असं त्याला वाटे.

पण चेन तापली की लांबते. दुपारपर्यंत ती ढिली पडायचीच. एरवी तो काहीतरी निमित्त काढून काम आटोपतं घ्यायचा. सिक्लोननंतर तसं जमेना; रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लॉऱ्या अडकून पडल्या होत्या.

अशाच एका दुपारी एक थोरलं निलगिरीचं झाड कापताना चेन पात्याखाली लोंबलेली त्याला दिसली. झाडाच्या बुंध्याआड जाऊन त्यानं पाना काढला. स्क्रूड्रायव्हर बोटांतून निसटला. उचलला, पुन्हा निसटला.

"झालं का रं, हरिलाल?" सरदारानं हाक दिली.

"झालं, झालं," म्हणत तो परत आला आणि त्यानं मशीन तशीच झाडाला लावली.

चेन पात्यावरून उतरली ती सपकन शेजारी फांद्या ओढणाऱ्या तरुण गड्याच्या, प्रेमच्या, पोटरीवर बसली. "आयो ममा!" करत प्रेम खाली कोसळला. पँट फाटून रक्ताची धार लागली. कुणीतरी गमछा बांधला, दोघांनी त्याला उचलून दवाखान्याकडे नेलं.

"चेन येवढी ढिली कशी?" सरदारानं विचारलं. सगळे गडी भोवती उभे होते.

हरिलालच्या तोंडून निघून गेलं, "म्या न्हाई आवळली. सकाळी बायकोनं आवळली व्हती."

 मागून एकजण फिसकन हसला.

संध्याकाळी हरिलाल घरी पोचला, त्याच्याआधी बातमी पोचली होती. कुंती पोळपाटावर फराटा लाटत होती. तिनं मान वर केली नाही.

"म्या ढिली ठेवली व्हती?"

"मला तसं म्हनायचं नव्हतं."

"मग कसं म्हनायचं व्हतं?"

हरिलालनं मशीन कोपऱ्यात ठेवली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. "प्रेमच्या आईपुढं आता कुठल्या तोंडानं जाऊ?" एवढंच ती म्हणाली.

सकाळी तिनं मशीन, पाना आणि स्क्रूड्रायव्हर त्याच्यासमोर आणून ठेवले आणि निघून गेली. हरिलाल बराच वेळ झटला. हाताचं कातडं सोललं, पण स्क्रू काही फिरला नाही. शेवटी मशीन खांद्यावर टाकून तो साखर कारखान्यातल्या इंद्रदेव वेल्डरकडे गेला आणि पहिल्यांदाच घराबाहेरच्या कुणासमोर आपल्या हाताचं दुखणं उघड केलं.

इंद्रदेवनं बोटं दाबून पाहिली. काही न विचारता त्यानं दोन्ही नटांना लोखंडाचे रुंद कान जोडले आणि स्क्रूच्या डोक्यावर बशीएवढी खरबरीत चकती बसवली. "तळव्यानं ढकल. पाना नको, बोटं नकोत."

हरिलालनं ढकललं. चेन हळूहळू पात्याला बिलगली.

"येवढंच व्हतं तर आधी का न्हाई आलास?" इंद्रदेव म्हणाला.

हरिलालला आनंद व्हायला हवा होता. पण सरदाराला दिलेलं उत्तर त्याला आठवलं. एवढ्याशा चकतीपायी त्यानं चारचौघांत बायकोच्या माथी दोष मारला होता.

तिथून तो थेट प्रेमच्या घरी गेला. कुंती आधीच तिथं होती, प्रेमच्या पायाचं फडकं बदलत होती. हरिलाल दारातच उभा राहिला. "हिनं आवळलेली चेन कधी उतरली न्हाई," तो प्रेमच्या आईला म्हणाला. "ढिली पडली ती माझ्या हातात. मला आवळता येत न्हाई."

"मला ठाव हाय, दादा," प्रेम म्हणाला. "स्क्रूड्रायव्हर पडताना म्या बघितला व्हता. तुमी वयिनींचं नाव घेतलं, म्हनून मग काय बोलावं सुचलं न्हाई."

हरिलालची नजर जमिनीवरून वर उठेना. कुंती फडकं पिळत राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यानं सरदाराला आणि गड्यांनाही सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, नव्या चकतीला हात लावून पाहिला, वाहवा केली. पण गावाला आधीचीच गोष्ट जास्त गोड लागली. पुढं एका लग्नात मांडवाची दोरी सुटली तेव्हा कुणीतरी ओरडलं, "कुंतीवयिनीला आवळायला नका सांगू रं, ढिली ठेवंल!" सगळे हसले. कुंतीही हसली.

हरिलाल केळीच्या पानावरून उठून उभा राहिला. "ती चेन माझ्या हातनं ढिली राह्यली व्हती," तो मोठ्यानं म्हणाला. पण तेवढ्यात ढोल सुरू झाला, आणि दोघातिघांपलीकडे ते कुणाला ऐकूच गेलं नाही.

"बसा आता," वाढता वाढता कुंती त्याला हळूच म्हणाली. "भात निवतोय."

तो बसला. मान खाली घालून त्यानं बधिर बोटांनी भात कालवायला घेतला.