भाचीचा अर्ज

“मामा, आज सभेत ओळख दाखवू नकोस हं,” बुटाच्या नाड्या बांधता बांधता भाची म्हणाली. “लोक म्हणतील, घरचाच माणूस बसवलाय.”

“मी कुठे बसतो? मी तर लिहितो,” असं म्हणत मामांनी तिच्या डब्याचं झाकण पुन्हा एकदा दाबून पाहिलं.

बहीण गेली तेव्हा ही पोर चार वर्षांची होती. मामांनी लग्न केलं नाही. वेण्या घालायला शिकले, रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवायला शिकले, आणि पुढे तिच्या वह्यांतलं एक अक्षरही कळत नसताना त्या वह्यांकडे कौतुकानं बघायला शिकले. आता ती शास्त्रज्ञ झाली होती. पृथ्वी तापत चालली आहे, तर खूप उंचावर बारीक भुकटी सोडून थोडं ऊन माघारी पाठवता येईल का, हे तिला तपासायचं होतं. तूर्त तपासायचं म्हणजे एक फुगा आणि दोन पिशव्या खडूची भुकटी. पण एवढ्यालाही एका समितीची परवानगी लागे. फुग्याच्या वाटेखालच्या प्रत्येक गावाला आधी कळवायचं, त्यांचं म्हणणं ऐकायचं, मगच निर्णय, असा नियम होता. त्या समितीच्या कचेरीत मामा कारकून होते. सभांची इतिवृत्तं लिहिण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती.

कचेरीत पोचले तर टेबलावर एक पाकीट परत येऊन पडलेलं. नदीपलीकडच्या गावाला पाठवलेली सूचना. वर शिक्का, ‘पत्ता अपुरा’. अक्षर मामांचंच होतं. तालुक्याचं नाव लिहायचंच राहिलं होतं.

फुगा सोडता येईल इतका वारा पडलेला असतो ते वर्षातले तीनच आठवडे, आणि ते पुढच्याच महिन्यात. सभा लांबली की पोरीचं वर्ष हातचं जाणार. त्यांनी पाकीट खणात सारलं. कुणाला पत्ताही लागला नसता. खण बंद केला, पुन्हा उघडला, आणि पाकीट काढून खिशात घातलं.

सभेत अध्यक्षांनी चष्मा नाकावर चढवत वाचलं, “सर्व गावांना सूचना पोचल्या आहेत. कुणाचीही हरकत नाही.”

कोपऱ्यातली खुर्ची करकरली. मामा उभे राहिले होते.

“साहेब, एका गावाला पोचली नाही. चूक माझी आहे.” त्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं. “आणि दुसरं म्हणजे, अर्जदार माझी भाची आहे. हे मी आधीच सांगायला हवं होतं. आजचं इतिवृत्त मी लिहिणं बरोबर नाही.”

“अहो काका, चाळीस घरांचं गाव ते! त्यांना काय फरक पडणार आहे?” अध्यक्ष म्हणाले.

“ते त्यांना विचारल्याशिवाय कसं कळणार, साहेब?”

कुणीतरी हसू दाबायला खोकलं. मामांनी वही शेजारच्या टंकलेखिकेपुढे सरकवली आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. हातात पेन नाही म्हटल्यावर हात कुठे ठेवावेत हेच त्यांना कळेना. भाचीकडे बघायचा धीर झाला नाही. अर्ज पुढच्या वर्षावर गेला.

चार दिवस ती चहाचा कप समोर ठेवायची आणि निघून जायची. पाचव्या दिवशी म्हणाली, “कुणाला काही कळलं नसतं, मामा.”

“मला कळलं होतं ना.”

“माझं अख्खं वर्ष गेलं.”

“गेलं, बाळा,” मामा म्हणाले. ती डोळे पुसत उठली, तोंड धुऊन आली आणि दारात उभी राहून म्हणाली, “त्या गावाला बस जाते का?”

बस नदीपर्यंतच जात होती. पुढे होडी. गावच्या शाळेत भाचीनं फळ्यावर सूर्य काढला, फुगा काढला, सगळं सोपं करून सांगितलं. पुढच्या बाकावर मधमाश्या पाळणाऱ्या एक आजी होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, “आणि मधेच आम्हाला वाटलं, थांबवा म्हणून, तर कुणाला सांगायचं?”

भाचीनं अर्ज उलटासुलटा चाळला. सव्वाशे पानांत त्याचं उत्तर नव्हतं.

“हे मी लिहिलंच नाही,” ती हळूच म्हणाली.

“मग आता लिही की!”

परतताना होडीत ती मांडीवर कागद घेऊन लिहीत होती. कागद वाऱ्यानं उडू नये म्हणून मामांनी त्याचे कोपरे धरून ठेवले होते.

पुढच्या वर्षी परवानगी मिळाली, एका अटीवर. उड्डाणाच्या दिवशी त्या गावातल्या एका माणसाच्या हाती फोन असेल, आणि त्यानं थांबा म्हटलं की थांबायचं. मामा तोवर निवृत्त झाले होते. भाचीनं त्यांच्यासाठी उड्डाणाच्या जागी पाहुण्यांच्या रांगेत खुर्ची ठेवली होती, पण ते होडीनं गावात गेले.

शाळेच्या अंगणात सगळे माना वर करून उभे होते. आजी तेवढ्या खुर्चीवर बसल्या होत्या, त्यांच्या मांडीवर फोन होता. “तो बघा, तो!” मुलं ओरडली. मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ते भलतीकडेच बघत होते. आजींनी उठून त्यांची हनुवटी धरली आणि तोंड योग्य दिशेला वळवलं.

“दिसला का?”

“दिसला,” मामा म्हणाले, आणि त्या रिकाम्या उजेडाकडे बघत कितीतरी वेळ हसत उभे राहिले.