खाटेवरचं गिऱ्हाईक

मित्रांनो, इंदिरानगरात जैतुनबींच्या गोधड्यांच्या दुकानात तुम्ही कधी शिरायला गेला असाल, तर दारातच काहीतरी पोटाला टोचलं असेल. तो मी, जुना काउंटर. पुढून काच, मागून खण, आणि अंगात लोणच्यात मीठ मुरावं तसा मुरलेला संशय.

या संशयाचं शिक्षण मला पहिल्याच नोकरीत मिळालं. सुताराने मला घडवलं ते एका मेडिकलसाठी. तिथे माणूस खोकला सांगायचा आणि झोपेची गोळी मागायचा. 'आईसाठी हवीय' म्हणणारा रस्ता ओलांडायच्या आधी स्वतःच गिळायचा. माझी काच तेव्हा रोज पुसली जाई. 'काउंटर मोठा भक्कम हो!' असं येणारे म्हणायचे, पण त्यांना कोपर टेकायला जागा हवी असायची, हे मी ओळखून होतो. पुढे तिथे ॲल्युमिनियमचं चकचकीत फर्निचर आलं. मी काही दिवस पायरीशी धूळ खात पडलो, आणि मग इसाकभाईंनी मला विकत घेतलं.

इसाकभाई म्हणजे जैतुनबींचे यजमान. उमेदीत शाळांचे गणवेश बेतायचे. आता जैतुनबी आणि त्यांच्याकडच्या चार बाया गोधड्या शिवत, आणि इसाकभाई त्या विकत. खरं सांगायचं तर राखत. त्यांनी मला दारात असा आडवा लावला की गिऱ्हाईक बाहेर आणि माल आत. मागच्या फळ्यांवर गोधड्यांच्या घड्या, त्याही अशा की नक्षी आत, अस्तर बाहेर. एकदा एका बाईंनी फोनवर फोटो काढला होता. तेव्हापासून अख्खं नाशिक आपली नक्षी उचलायला टपलंय अशी त्यांची खात्री.

"जरा उघडून दाखवा ना," असं कुणी म्हटलं की ते म्हणत, "घ्यायची असेल तर उघडतो."

"बघितल्याशिवाय घेऊ कशी?" असं म्हणत गिऱ्हाईक पुढे जाई.

"बघितलंस?" इसाकभाई माझ्यावर थाप मारत. "घ्यायचीच नव्हती. कॉपी करायला आली होती."

मला ते पटायचं. दोन संशयी एकत्र आले की दोघांनाही आपण फार शहाणे वाटू लागतो.

व्हायचं तेच झालं. दुकान चालेना. सुयश नावाचा मोबाइलची कव्हरं विकणारा एक पोरगा जागा भाड्याने मागत होता. इसाकभाईंनी त्याला शनिवारी माप घ्यायला ये म्हणून सांगितलं. जैतुनबी सहसा आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी चढवला.

"जागा दिलीत तर चौघींच्या हातचं काम जाईल, आणि माझंही. शनिवारपर्यंत सुनेच्या मनासारखी मांडणी करून बघू. मग द्यायची तर द्या."

सून खुशनुमा. लग्नाआधी मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानात कामाला होती. तिने टेप काढला आणि सगळ्यांत आधी मलाच मोजलं. भंगारवालाही असाच मोजतो. मग तिने फरशीवर खडूने रेघा मारल्या आणि सासऱ्यांना म्हणाली, "अब्बा, आज तुम्ही गिऱ्हाईक. बाहेरून या."

"मी? माझ्याच दुकानात?"

"हो. चपला घालून या."

कुरकुरत गेले, कुरकुरत आले आणि माझ्यावर आदळले. "ती वरची दाखव."

"घ्यायची असेल तर उघडते."

"अगं, बघू तर दे!"

"कॉपी करायला तर नाही ना आलात, चाचा?"

जैतुनबींनी ओढणी तोंडाला लावली. इसाकभाई लाल झाले. पण त्या जागेवरून त्यांनी आपलं दुकान पहिल्यांदाच पाहिलं. फळीफळीवर नुसतं मळखाऊ अस्तर. बायकोच्या हातचा एक टाका दिसेल तर शपथ.

"करा काय ते," म्हणाले. "पण शनिवारपर्यंतच."

मला उचललं तेव्हा बाहेर टेम्पो उभा असणार असं मी धरूनच चाललो होतो. पण मला मागच्या भिंतीशी, जरा तिरकं ठेवलं, जिथून दार दिसतं. दाराशी काहीच नाही. "आत आलेल्याला दोन पावलं मोकळी द्यायची, नाहीतर माणूस बिचकतो," असं खुशनुमाचं म्हणणं. गोधड्या बांबूंवर, हाताला येतील अशा, नक्षी बाहेर. बाळांची दुपटी आणि पिशव्या खाली. आणि मधोमध घरची खाट, तिच्यावर पसरलेली सगळ्यांत मोठी गोधडी.

"खाट? दुकान आहे का धर्मशाळा?"

"अंगाखाली घेतल्याशिवाय गोधडी कळते का, अब्बा?"

पुढचे दिवस माणसं आली, चाचपून गेली. विक्री बेताचीच. मी आणि इसाकभाई हातांवर नजर ठेवून.

शनिवारी दुपारी एक म्हातारी दारात थबकली. हातात दवाखान्याची पिशवी.

"बसू का जरा, बाई? एकलहऱ्याची बस चुकली. लय दमले."

"या ना, मावशी," जैतुनबी म्हणाल्या.

म्हातारी, सुलाबाई तिचं नाव, खाटेवर टेकली. गोधडीचा कोपरा उलटून टाके बघू लागली. इसाकभाई सरकत माझ्याजवळ आले. "टाके बघतेय. म्हातारीला पुढे पाठवलंय, समजलं?" माझाही तोच अंदाज होता.

"टाका टोचत नाही बघ," सुलाबाई म्हणाल्या, हळूच कुशीवर झाल्या आणि चक्क झोपल्या.

"अगं, झोपली ही!"

"झोपू द्या."

"नाटक असेल. आपण हिच्याकडे बघत बसू, आणि साथीदार पिशव्या उचलतील!" माझ्यावर दोन्ही कोपरं रोवून ते पहाऱ्याला उभे राहिले. सुलाबाई घोरू लागल्या. घोरणं खरं होतं. मी नाखुशीनेच मान्य केलं.

इतक्यात भाजीच्या पिशव्या घेऊन दोघी जणी आल्या. खाटेकडे बघून त्यांचा आवाज खाली आला. "कोण हो या?"

"गिऱ्हाईक," खुशनुमा कुजबुजली. "गोधडी बघतायत."

एक खुदकन हसली. पण निघाली नाही. बोलायची चोरी, त्यामुळे दोघी हातानेच बघू लागल्या. मग आणखी कुणी आलं. "मला हीच हवी," खाटेकडे बोट दाखवून एकजण म्हणाली, "थांबते मी, त्या उठेपर्यंत." इसाकभाईंनी कुणी न सांगता एक घडी उघडली, आवाज होऊ नये म्हणून अगदी अलगद.

"काका, फोटो काढू?"

त्यांनी हातातल्या गोधडीची नक्षी वर केली. मग म्हणाले, "काढा. पण आवाज बंद करून."

आणि त्याच वेळी सुयश टेप वाजवत आत शिरला. "चाचा, माप घ्यायला आलोय!"

इसाकभाईंनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू. गिऱ्हाईक झोपलंय."

"पण जागेचं..."

"कुठाय जागा? बघ की, पाय ठेवायला तरी आहे का?"

जैतुनबी दुपट्याची घडी घालता घालता थांबल्या. सुयश टेप गुंडाळत निघाला, तोही पाय न वाजवता.

मित्रांनो, माझा संशय गेला असं समजू नका. कोण काय उचलतंय हे मी अजूनही बघतो. तुमच्याकडे माझ्यासारखं कुणी जुनं असेल, तर त्याची काच पुसा, अडकणाऱ्या खणाला मेण लावा, ओला पेला वर ठेवू नका. एवढ्यावर आम्ही वर्षं काढतो. फक्त आम्हाला दारात आडवं लावू नका. तिथून येणारा प्रत्येक जण अंगावर आल्यासारखा वाटतो. भिंतीपासून दारापर्यंतचं अंतर मिळालं की तोच माणूस दमलेला आहे, हे दिसतं.