काचेखालची वसाहत

मित्रांनो, मी एक जुनी वसाहत आहे. इतकी जुनी, की अजून बांधायची राहिले आहे.

नांदेडहून लातूरला निघालात की वाटेत एक गाव लागतं. त्याचं नाव सांगत नाही. सांगितलं तर नगरपरिषद माझ्याकडे खुलासा मागेल, आणि मला सही करता येत नाही. त्या नगरपरिषदेच्या कार्यालयात, जिन्याशेजारच्या टेबलावर, काचेच्या पेटीत मी राहते. 'परवडणारी व पर्यावरणपूरक घरकुल योजना' हे माझं पूर्ण नाव. इमारती, रस्ते, पाण्याची निळी टाकी, सगळं मिळून मी एका बाजेएवढी आहे. मला नमुना म्हणतात. जिचा नमुना, ती खरी वसाहत व्हायची आहे.

माझा जन्म तय्यब मिस्त्रींच्या हातचा. ते मोहरमचे ताबूत करायचे. बांबूच्या कामट्या, खळ आणि रंगीत कागद एवढ्यावर त्यांचं काम चाले. नगरपरिषदेने भूमिपूजनाची तारीख आधी ठरवली आणि नमुना नंतर आठवला, म्हणून त्यांना घाईने बोलावलं. सवयीने त्यांनी माझ्या गच्च्यांना सोनेरी कागदाची झालर लावली.

अभियंता शेषेराव म्हणाले, "मिस्त्री, हे घरकुल हाय, ताबूत न्हाई."

"साहेब, ताबूत धा दिवसांचा असतो. हे किती दिवसांचं?"

"कायमचं!"

मिस्त्रींनी झालर काढली. कामट्या मात्र दुहेरी लावल्या, कारण यात त्यांचंही घर होतं. नाल्याकाठची त्यांची वस्ती योजनेसाठी उठवली होती. माणसं बायपासपलीकडच्या पत्र्याच्या शेडांत गेली. "दोनच पावसाळे काढा," असं त्यांना सांगितलं होतं. जागा मोकळी झाली. अजून मोकळीच आहे. सोडत निघाली, तेव्हा मिस्त्रींच्या बायकोच्या, बेगमबीच्या नावाने तिसऱ्या इमारतीत दोन खोल्या लागल्या.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. बाजाराच्या दिवशी माणसं पिशव्या घेऊन आपापलं घर बघायला यायची. बेगमबी काचेवर बोट टेकवायची, तेवढ्यात नागाबाई यायची. सोडतीत तिचं घर बरोबर बेगमबीच्या डोक्यावर आलं होतं.

"नागाबाई, वरून लुगडं पिळायचं न्हाई. माझ्या खिडकीत पाणी येतं."

"मग तू खाली मिरच्या भाजू नको. ठसका लागतो मला."

रामकिशन शिपाई ओरडायचा, "अगं बायांनो, भांडणं घरी जाऊन करा!"

"घरीच हावोत की आम्ही!" दोघी एका सुरात म्हणायच्या.

माझ्या भरवशावर एक लग्नही ठरलं. बेगमबीची मुलगी कहकशां शिवणकाम करायची. औशाच्या हुस्नाबीचा मुलगा अम्मार याच गावात गॅरेजवर होता. इथलं भाडं त्याला झेपेना. बेगमबीने शब्द दिला, की दोन खोल्यांतली एक लेकी-जावयाची. हुस्नाबी एसटीने आली आणि माझ्यापाशी उभी राहिली. शेडाकडे तिला कुणी नेलंच नाही. तिने खिडकी पाहिली, ऊन कुठून येईल ते विचारलं आणि मान डोलावली. रामकिशनने पेढे वाटले. पुढच्या खेपेला तारीख धरायचं ठरलं.

दरम्यान मुख्याधिकारी बदलत होते. प्रत्येकाने मला काही ना काही दिलं. एकाने चॉकलेटच्या चंदेरी कागदाच्या सौरपट्ट्या बसवल्या. दुसऱ्याने शीतपेयाच्या नळ्या जोडून पावसाचं पाणी साठवलं. तिसरे आले, त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "हिरवं कमी आहे." विभागाचं प्रदर्शन जवळ आलं होतं. त्यांनी पेनाने जागा दाखवली, "इथे बाग करा. ही इमारत उचला."

ती तिसरी इमारत होती. उचलायला तय्यब मिस्त्रींनाच बोलावलं.

"साहेब, इथली माणसं?"

"पुढच्या टप्प्यात."

"टप्पा कुठं हाय?"

साहेबांनी टेबलाच्या कडेपलीकडे हात केला. तिथे रामकिशनचं स्टूल होतं.

मिस्त्री वाद घालणारे नव्हते. सोडतीत नाव लागलंय, इमारत उचलली तरी नाव कोण उचलतंय, असं त्यांना वाटलं. त्यांनी दुहेरी कामट्या सोडवल्या आणि भांडी घासायचा स्पंज हिरवा रंगवून त्याची झाडं रांगेने चिकटवली. घरी मात्र काही सांगितलं नाही.

मला पहिलं बक्षीस मिळालं. ढाल अजून शेजारी आहे.

मग हुस्नाबी तारीख धरायला आली. सोबत बेगमबी, मिस्त्री आणि कहकशां. बेगमबीने न बघताच काचेवर बोट टेकवलं आणि मग पाहिलं.

"खिडकी कुठं हाय?" हुस्नाबीने विचारलं.

रामकिशन मदतीला धावला, "बाग पुढं आली ना, मावशी, म्हणून बिल्डिंग मागं झाकली."

हुस्नाबी मागच्या बाजूला जाऊन वाकून बघून आली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तो हमारा बच्चा झाड पे रहेगा क्या?"

जिन्यावर दोघे-तिघे हसले. कहकशांने ओढणी पुढे ओढली. हुस्नाबी वाईट बाई नव्हती. जाताना तिने मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, "बेटी, तुझ्यात काही कमी न्हाई," म्हणाली आणि औशाची गाडी पकडली. अम्मारचं लग्न पुढे उदगीरला झालं.

ती गेल्यावर बेगमबी बराच वेळ बागेकडे बघत उभी होती. तिने आपल्या माणसाचा हात ओळखला.

"तुम्ही लावली झाडं?"

"हाव."

"सरळ लावली," ती म्हणाली आणि पिशवी उचलून चालू लागली. त्यानंतर ती माझ्याकडे आली नाही.

या पावसाळ्यात आली, पण मला बघायला नाही. कार्यालयाचं छत गळायला लागलं, तेव्हा माझ्यावर नवी ताडपत्री घातली होती. शेडाचे पत्रे वाऱ्याने उडाले होते आणि मिस्त्री ताप-खोकल्याने पडले होते.

"रामकिशन, ती ताडपत्री दे. मिस्त्री भिजून राहिले."

रामकिशनने मान खाली घातली. "मावशी, माझी असती तर दिली असती. ती योजनेची हाय."

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी 'माझी नीट काळजी घ्या' असं म्हणायची रीत आहे. माझी फार काळजी घेतली गेली. आता पुरे. तुमच्यापैकी कुणी त्या जिन्यावरून जात असेल, तर माझ्या अंगावरची ताडपत्री ओढा आणि बायपासकडे पळा. पेटीच्या फटींतून पाणी शिरेल; मी कागदाची आहे, विरघळून जाईन. जाऊ द्या. मात्र पळा लवकर. मिस्त्रींचं खोकणं इथवर ऐकू येत नाही; ते थांबलं म्हणून, की शेड लांब आहे म्हणून, हे मला इथून कळत नाही.