डेल्फीन मावशीच्या दोन काठ्यांपैकी एक

मी देवदाराची काठी बोलतेय. दीड हात लांब, वजनाने अगदी हलकी. खरं तर आम्ही दोघी आहोत. बोलायला मी पुढे झाले, ते योग्य केलं की नाही, कोण जाणे.

मला डेल्फीन मावशीने तासलं. तिच्या ओजिब्वे लोकांच्या, म्हणजे अमेरिकेतल्या एका मूळ जमातीच्या, तळ्यांत उन्हाळा सरताना रानतांदूळ पिकतो. होडीत दोघं लागतात. एक उभा राहून लांब वाशाने होडी ढकलतो. दुसरा बसून एका काठीने लोंब्या होडीवर वाकवतो आणि दुसरीने हलकेच झाडतो. भाचा एमेट लहानपणी धपाधप मारायचा. मावशी ओरडायची, "अरे, तांदूळ आहे तो, साप नव्हे!"

एमेट शिकला, कायद्याचा प्राध्यापक झाला. मावशीने आम्हाला त्याच्या हवाली केलं. त्याच्या खोलीत पुस्तकांपुढे आम्ही वर्षानुवर्षं पडून होतो. तो विद्यार्थ्यांना सांगायचा, "आपल्या पूर्वजांनी सरकारशी केलेल्या करारात जमीन दिली, तळ्यांवरचा हक्क दिला नाही. तिथे राज्याचा परवाना काढायचा नाही. परवाना मागितलात, की तळं त्यांचं आहे असं तुम्हीच म्हणालात." आणि मला टेबलावर आपटायचा. मला ते आवडायचं का, आता सांगता येत नाही.

मग एल्बो तळ्याचा खटला आला: तिथे आमच्या लोकांना परवान्याशिवाय तांदूळ झाडता येतो की नाही. मावशीची आई तिथे तांदूळ झाडायची. जमातीतर्फे लढताना एमेट खालच्या दोन्ही कोर्टांत हरला. उरलं सर्वोच्च न्यायालय. जमातीच्या पंचांनी विचारलं, "जायचं?"

"नको," एमेट म्हणाला. "तिथे हरलो तर सगळ्याच जमातींचे करार खिळखिळे होतील. दिवस बदलेपर्यंत थांबू."

पंचांनी ऐकलं. मावशी एवढंच म्हणाली, "थांबा की. तुम्हाला वेळ आहे."

पुढच्या हंगामात एमेटने आम्हाला गाडीत टाकलं, मावशीला शेजारी बसवलं आणि एल्बो तळ्यावर नेलं.

"पकडतील ना रे?"

"बघू, मावशी."

"पकडू देत. कोठडीत खुर्ची मागून घे फक्त. गुडघा वाकत नाही माझा." फार खूश होती ती. होडीत बसून तिने मला हातात तोलून पाहिलं.

तेवढ्यात वनखात्याचा माणूस आला. परवाना मागितला. एमेटने खिशातून काढून दाखवला. दोघांच्या नावांचा होता.

"मजा करा, आजी," म्हणून तो निघून गेला.

मावशीने मला खाली ठेवलं. "माझ्या नावानेही काढलास?"

"मावशी, तुला एकदा तरी हे तळं..."

"हात दे. उतरव मला."

ती काठावर घडीच्या खुर्चीत बसली. "जा की, प्रोफेसर. तुला परवानगी आहे."

तो गेला. कशाला गेला, मला कळलं नाही. होडी ढकलायला उभा राहिला, की लोंब्या वाकवायला कुणी नाही. आम्हाला घेऊन बसला, की होडी हलत नाही. शेवटी तो नुसता बसून राहिला. पिकलेले दाणे आपोआप पाण्यात गळत होते. मी त्याच्या मांडीवर होते.

परतल्यावर मावशीने आम्हाला मागितलं. त्याने दिलं.

आता आम्ही तिच्या फ्रिजवर आहोत. एमेट दर रविवारी फोन करतो. गुडघ्याचं बोलणं होतं, बर्फाचं होतं, बिंगोत कोण जिंकलं त्याचं होतं. तळ्याचं होत नाही.

त्याने मावशीसाठी केलं, हे मला दिसतं. मावशी उतरली, तेही बरोबर वाटतं. दोघांतलं कुणीतरी चुकलं असायला हवं, म्हणून मी शोधत असते. सापडत नाही. शोधताना पूर्वी वाईट वाटायचं, आता तेही वाटत नाही.

तुमच्यापैकी कुणाची त्याच्याशी गाठ पडली, तर एवढं सांगा: पुढच्या रविवारी तळ्याचं विचार. ती रागावेल, फोन ठेवूनही देईल. पण तुझा फोन ती पहिल्याच घंटीला उचलते.