बुटाने मोजलेला रस्ता

मी एक जुनी, करड्या रंगाची, बसकी मोटार आहे. मित्रांनो, रडगाणं गायला मी आलेले नाही. मला भांडायचं आहे.

मला घडवणाऱ्यांनी मुद्दाम ठेंगणं केलं. वेगात असताना जमीन धरून चालावं, वळणावर डगमगू नये, म्हणून. माझं पोट जमिनीपासून वीतभरही वर नाही. माझी पहिली मालकीण दातांची डॉक्टर होती. नऊ वर्षं आम्ही गुळगुळीत रस्त्यांवरून फिरलो आणि माझ्या पोटाला एक ओरखडा उठला नाही. लोक म्हणायचे, काय झोकदार गाडी आहे! मग डॉक्टरीणबाई दूर राहायला गेल्या आणि मला एका मुकादमाने घेतलं. रस्ते बांधणाऱ्या माणसांचा मुकादम! मला वाटलं, चला, रस्त्यांची कदर असलेल्या घरी पडले. केवढी ही माझी भोळी समजूत!

पहिल्याच संध्याकाळी त्याच्या गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक आला आणि माझं पोट खर्रर्रकन घासलं. मुकादम खाली उतरला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "गाडीच बसकी, त्याला कोण काय करणार!"

त्या दिवसापासून घरात एक रीतच पडली. गतिरोधक आला की मी थांबायचं. मुकादमाची बायको आणि मुलगी उतरणार, म्हणजे माझं ओझं कमी होणार. मुलगी रस्त्यावर उकिडवी बसून माझ्या पोटाखाली बघणार आणि ओरडणार, "तिरकी घ्या बाबा! अजून तिरकी!" मी पलीकडे गेले की दोघी परत चढणार. मागचे लोक भोंगे वाजवायचे, दात काढायचे. आणि हे हसं कोणाच्या वाट्याला? माझ्या!

एकटी मुकादमाची आई तेवढी उतरायची नाही. तिच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली होती. आठवड्यातून तीनदा व्यायामाच्या दवाखान्यात नेलं नाही तर गुडघे कायमचे आखडतील, असं तिथल्या बाईंनी बजावलं होतं. एकदा शेजाऱ्याने आपली उंच गाडी देऊ केली. आईचा पाय काही वर जाईना. शेवटी दोघांनी उचलून तिला पोत्यासारखी आत कोंबली. ती घरी येऊन रडली आणि पंधरा दिवस दवाखान्याचं नाव काढलं नाही. माझ्यात मात्र ती खुर्चीत बसावं तशी बसायची, मग दोन्ही पाय आत घ्यायची. कोणाचा हात लागायचा नाही. मित्रांनो, ज्या ठेंगणेपणाला सगळे नावं ठेवत होते, त्याच्याच जिवावर ती म्हातारी चालायला शिकत होती.

आणि एक दिवस मुकादम मला दवाखान्यासमोरच्या कामावर घेऊन गेला. तिथे नवा गतिरोधक घालायचा होता. त्याच्या माणसाने विचारलं, "उंची किती ठेवायची?" मुकादमाने पाय पुढे टाकला. "बुटाच्या वरच्या भोकापर्यंत. सगळीकडे तेच माप आहे आपलं."

सगळीकडे! घरापासून दवाखान्यापर्यंतचे सात आणि हा आठवा, सगळे याच पठ्ठ्याच्या बुटाने मोजलेले! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर हाच मला विकून उंच गाडी घ्यायला निघाला होता. गिऱ्हाईक रविवारी येणार होतं. आईच्या कानावर ते आलं होतं, पण तिला कोणी विचारलंसुद्धा नव्हतं.

शुक्रवारी आईला दवाखान्यात न्यायचं होतं, पण मुलीची परीक्षा होती आणि बायको कामावर गेलेली. उतरायला कोणी नाही, तिरकी घ्या म्हणायला कोणी नाही, त्यात उशीर झालेला. त्या आठव्या गतिरोधकावर मी आदळले आणि माझ्या पोटाखालचा तेलाचा चेंबर फुटला. काळं तेल रस्त्यावर पसरलं.

मुकादमाने नेहमीचं तुणतुणं लावलं, "ही बसकी गाडी..." तेवढ्यात समोरचा पंक्चरवाला हसत म्हणाला, "अहो मुकादम, गतिरोधक तुमचाच आहे की! उंच होतोय म्हणून मी तेव्हाच सांगितलं होतं."

आईने काच खाली केली. "तू केलास हा?"

मुकादम वाकून सांडलेलं तेल बघायला लागला.

"आणि बाकीचे?"

त्याने मान डोलावली.

"कशाने मोजलेस रे?"

त्याची नजर आपोआप बुटांकडे गेली. आईच्या ते लगेच लक्षात आलं.

"काढ ते."

"आई, भर रस्त्यात?"

"भर रस्त्यातच काढ. दोन वर्षं सून आणि नात भर रस्त्यातच उतरतात ना? तुझ्या मापापायी मला परत पोत्यासारखी कोंबणार होतास? ही गाडी कुठे जायची नाही!"

मित्रांनो, चाळीस माणसांवर ओरडणारा तो मुकादम मोज्यांवर उभा राहिला. आईने बूट काखेत मारले आणि ती पंक्चरवाल्याच्या हाताला धरून, एकेक पाऊल टाकत, समोरच्या दवाखान्यात गेली. व्यायाम तिने चुकवला नाही.

चेंबर बदलून मी घरी आले, तर मुकादम चपला घालून माझ्याजवळ वाकला. एक काठी माझ्या पोटाखाली उभी धरली, खूण केली, खुणेच्या खाली चार बोटं सोडून ती कापली. गिऱ्हाइकाला त्याने दारातूनच परत पाठवलं. मग एकेक गतिरोधक खरवडून त्या काठीच्या मापाचा करायला घेतला.

माणसांनो, रस्ता तुम्ही वाकडा करायचा आणि बोल आम्हाला लावायचा, हे बंद करा! मोजायचंच असेल तर त्यावरून जाणाऱ्याच्या पोटाखाली वाकून मोजा.

काल गल्लीच्या तोंडाशी आल्यावर मुलीने सवयीने दाराला हात घातला. आई म्हणाली, "बस गं, बस." सगळ्यांना पोटात घेऊन मी पलीकडे गेले आणि कुठेही काही घासलं नाही.

अजून तीन गतिरोधक बाकी आहेत. बूट माझ्या डिकीत आहेत आणि डिकीची किल्ली आईकडे.